मागचं चाक आतून ओलं, ब्रेक ऑइल कमी: बटणावरच्या हँडब्रेकच्या सिला कशानं जातात

आर्णीकडच्या एका कास्तकार भावानं विचारलं आहे. गाडी ४ वर्षांची, ६२,००० किलोमीटर चाललेली, हँडब्रेक बटणावरचा. दोन महिन्यांपूर्वी तालुक्याच्या गावी मागचे ब्रेक पॅड बदलून घेतले. तेव्हापासून ब्रेक ऑइलची पातळी उतरते आहे, दोनदा वरून टाकलं. मागचं डावं चाक आतल्या अंगानं ओलसर दिसतं. मधूनच पार्किंग ब्रेकचा पिवळा दिवा लागतो आणि आपोआप जातो. "काहून होऊन राहिलं हे? आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करू? हँडब्रेक त चांगला धरते."

भाऊ, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण माणूस तिथंच फसतो. हँडब्रेक धरतो म्हणजे ब्रेक ठीक, असं या गाड्यांत नसतं. बटणावरच्या हँडब्रेकला ऑइल लागतच नाही. चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडनं धरतो तो कॅलिपर. मागच्या कॅलिपरच्या पाठीवर एक छोटी मोटर बसवलेली असते. ती गिअरच्या मदतीनं एक स्क्रू फिरवते, स्क्रूवरचा नट पुढं सरकतो आणि पिस्टनला आतून ढकलून पॅड डिस्कवर आवळतो. एकदा आवळलं की करंट बंद झाला तरी स्क्रू मागं फिरत नाही. त्यामुळं टाकीतलं सगळं ब्रेक ऑइल वाहून गेलं तरी उभी गाडी उतारावर जागची हलणार नाही. चालती गाडी थांबते ती मात्र पेडलवर, आणि पेडलचा जोर चाकापर्यंत नेणारं ऑइलच तुमच्याकडं गळतं आहे.

म्हणून पहिलं काम हे, की गाडी चालवू नका. वावरापर्यंतसुद्धा नाही. आजच्या मोटारींत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्यांत ते बहुधा तिरपे असतात, म्हणजे मागचं डावं आणि पुढचं उजवं एका मार्गावर. मागच्या डाव्या चाकाचं ऑइल संपलं तर त्याच्यासोबत पुढचं उजवंही जातं, आणि पुढच्या चाकांवरच गाडी थांबवण्याचा मोठा भार असतो. उरलेल्या मार्गावर गाडी थांबेल, पण पेडल खोल जाईल आणि थांबायला लागणारं अंतर खूप वाढेल. समोर बैलगाडी किंवा शाळेतून सुटलेली पोरं असतील तर तेवढं अंतर मिळत नाही. गॅरेजपर्यंत न्यायचीच असेल तर उचलून न्या.

आता ओलं दिसतं ते ब्रेक ऑइलच आहे का, हे घरी पाहता येतं. सपाट जागेवर गाडी उभी करा, गिअरमध्ये किंवा पी मध्ये टाका, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गोटे लावा, हँडब्रेक सोडा, मागचं चाक उचलून काढा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, चेसिसखाली जाड लाकडी ठोकळा किंवा स्टँड द्या. मग ओल्या जागेचा थेंब बोटावर घ्या आणि स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन त्यात सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात विरून जातं, वर तवंग राहत नाही. शॉकअपचं ऑइल किंवा ग्रीस असेल तर वर तरंगतं, इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. मागच्या शॉकअपची सील गेली तरी चाक आतून असंच ओलं होतं, आणि नुसतं पाहून कॅलिपर बदलणारे लोक मी पाहिले आहेत. तुमची पातळी उतरते आहे त्यामुळं मला ब्रेक ऑइलचाच संशय आहे, पण वाटीची परीक्षा दोन मिनिटांची आहे, ती कराच. बोट लगेच धुवा, आणि थेंब गाडीच्या पत्र्यावर पडू देऊ नका. ब्रेक ऑइल रंग खातं.

पातळीबद्दल एक खुलासा इथंच करतो. पातळी उतरली म्हणजे दरवेळी गळतीच असते असं नाही. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागची जागा भरायला ऑइल खाली जातं, आणि वर्षभरात पातळी थोडी उतरते. हे बरोबरच आहे, तिथं वरून ओतायची गरज नसते. ओतलं, तर नवे पॅड टाकताना पिस्टन मागं दाबला की तेच ऑइल टाकीतून उसळून बाहेर येतं. तुमचे पॅड मात्र दोन महिन्यांचे आहेत. जाड पॅड आणि उतरती पातळी, याचा अर्थ एकच निघतो.

कॅलिपरमध्ये ऑइल अडवणाऱ्या जागा थोड्याच आहेत. मुख्य म्हणजे पिस्टनची सील. ती कॅलिपरच्या आतल्या खाचेत बसलेली चौकोनी कडेची रबरी कडी असते. पेडल दाबलं की पिस्टन पुढं जाताना ही कडी थोडी पिळते, आणि पेडल सोडलं की सरळ होताना पिस्टनला मागं ओढते, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणजे ऑइल अडवणं आणि पॅड डिस्कपासून सोडवणं, ही दोन्ही कामं तिचीच. ती कडक झाली की गळतेही आणि चाक जामही राहतं. तिच्या बाहेर धुळीचं रबर असतं, ज्याला आपण बूट म्हणतो. बूट ऑइल अडवत नाही, माती अडवतो. दुसरी जागा ज्यात हँडब्रेक आतच बसवलेला असतो अशा कॅलिपरमध्ये असते: मोटरचा जोर आत नेणारा स्क्रू कॅलिपरच्या पाठीतून आत शिरतो, तिथं त्याच्याभोवती एक ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, असते. तिच्याबद्दल पुढं सविस्तर सांगतो, कारण तिची गळती बाहेर दिसत नाही. बाकी हवा काढायचा निप्पल आणि होज पाइपच्या बोल्टचे तांब्याचे वायसर. ते वायसर एकदा आवळले की दबून बसतात. पाइप सोडला तर नवेच टाकायचे, तेच पुन्हा वापरले की तिथून पाझर सुरू होतो.

२७ वर्षं मी या कामात आहे, त्यातली शेवटची दहाएक वर्षं या बटणवाल्या गाड्या हाताखाली येतात. माझ्याकडं आलेल्या गळक्या मागच्या कॅलिपरांत सील वयानं गेलेली फार थोडी होती. बहुतेकांची गोष्ट तुमच्यासारखीच: पॅड बदलले आणि महिना-दोन महिन्यांत ओल आली. सील ज्या दिवशी जाते तो दिवस गळती दिसण्याच्या बराच आधीचा असतो, आणि बहुधा तो पॅड बदलण्याचाच असतो.

असं का होतं ते बघा. पॅड झिजलेले असतात तेव्हा पिस्टन बाहेर आलेला असतो. त्याचा तो उघडा भाग बुटाच्या आत असतो खरा, पण बुटाला जरा चीर असेल तर ओल आणि माती आत जाते. मागच्या पावसाळ्यात एका गाडीचा बूट मी उचलून पाहिला. चीर तुरीच्या दाण्याएवढी, आणि आत पिस्टनभोवती काळ्या मातीचं पूर्ण कडं बसलेलं. नखानं निघेना, प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडलं तेव्हा खापरीसारखे तुकडे पडले. त्याखाली पिस्टनचा चकचकीत भाग देवीच्या व्रणांसारखा खड्डे पडून गेलेला. आपली रेगड माती ओली झाली की फुगते, चिकटते, आणि वाळली की विटेसारखी होते. असा पिस्टन जसाच्या तसा दाबून आत घातला, की ती माती आणि ते गंजाचे खड्डे सिलेच्या तोंडावरून घासत आत जातात. सील त्याच क्षणी कापली जाते. नवे पॅड, नवी चमक, गिऱ्हाईक खूश, आणि आत चीर पडलेली.

म्हणून पिस्टन मागं ढकलण्याआधी बूट उचलून उघडा भाग साफ करायचा, ब्रेक क्लीनर किंवा थोड्या ताज्या ब्रेक ऑइलनं, स्वच्छ कापडानं. गंजाचे खड्डे दिसले तर तिथंच थांबायचं, पिस्टन आणि सील दोन्ही बदलायचे. हे पाच मिनिटांचं काम आहे. ते कोणी करत नाही, कारण दिसत नाही आणि त्याचे पैसे लावता येत नाहीत.

दुसरी चूक ही बटणवाल्या हँडब्रेकचीच खास. जुन्या डिस्क ब्रेकला सी-क्लॅम्प लावून पिस्टन दाबायचा, ही आमची सवय. इथं पिस्टनच्या पोटात नट आणि स्क्रू उभे असतात. नट मागं नेल्याशिवाय पिस्टन दाबला की सगळा जोर स्क्रूवर, त्याच्या बेअरिंगवर आणि कॅलिपरच्या पाठीतल्या त्या ओ-रिंगच्या जागेवर जातो. पिस्टन तिरपा झाला तर सील एका अंगाला चेपते ते वेगळंच. आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लावून हँडब्रेक सर्व्हिस मोडमध्ये न्यायचा, म्हणजे मोटर स्वतः नट पूर्ण मागं घेते. मगच पिस्टन सरळ, सावकाश दाबायचा. काही गाड्यांत स्कॅनरशिवाय, इग्निशन चालू करून पेडल आणि बटण ठराविक क्रमानं दाबलं तरी सर्व्हिस मोड लागतो. तो क्रम त्या गाडीच्याच पुस्तकात बघायचा, एका गाडीचा दुसरीला चालत नाही.

अशी पहिली गाडी माझ्याकडं आली तेव्हा स्कॅनर नव्हता. मोटरचा प्लग काढला आणि बॅटरीवरून दोन वायरी थेट मोटरला दिल्या, की नट मागं जाईल. गेला. पण कुठं थांबायचं हे मोटरला सांगणारा कंट्रोलर मी मधून काढून टाकला होता. नट मागच्या टोकाला जाऊन आदळला, मोटर ओढत राहिली आणि आतला प्लॅस्टिकचा गिअर तुटला. मोटर माझ्या पैशानं घेऊन दिली. आजही खेड्यापाड्यांतल्या गॅरेजात ही वायर लावायची पद्धत चालते, पोरं एकमेकांना शिकवतात, म्हणून सांगतो: करू नका, करू देऊ नका. उलट्या दिशेनं वायर लागली आणि समोर पॅड नसले तर पिस्टन सिलेच्या बाहेरच येतो, ऑइल अंगावर.

स्कॅनर मिळतच नसेल आणि काम अडलं असेल तर बऱ्याच गाड्यांत त्याहून बरा मार्ग आहे. इग्निशन बंद, मोटरचा प्लग काढा, मोटरचे दोन स्क्रू सोडा. मोटर कॅलिपरवरून सुटी होते, ऑइल सांडत नाही, आणि स्क्रूचं दातेरी टोक दिसतं. ते योग्य बिटनं हातानं मागं फिरवायचं, जिथं सहज फिरणं थांबेल तिथं आपणही थांबायचं. नंतर मोटर बसवताना तिच्या आणि कॅलिपरमधली रबर कडी स्वच्छ, शक्यतो नवीनच. मात्र गाडीच्या डोक्यात जुनीच जागा नोंदलेली राहते, म्हणून नंतर कुठं ना कुठं स्कॅनरवर हँडब्रेक जुळवून घ्यावाच लागतो.

आता ती मोटरमागची ओ-रिंग. पेडल दाबलं की ऑइलचा दाब जसा पिस्टनच्या सिलेवर येतो तसाच हिच्यावरही येतो. हिच्यात गळती झाली की ऑइल बाहेर न येता मोटरच्या घरात जातं. जमिनीवर थेंब नाही, बूट कोरडा, चाक कोरडं, आणि टाकी मात्र उतरते. महिन्या-दोन महिन्यांनी मोटरचा आवाज बदलतो, घरघर जड होते, मग दिवा लागतो. गॅरेजवाला म्हणतो मोटर गेली, नवी मोटर बसवतो, आणि तीही काही दिवसांत त्याच ऑइलमध्ये भिजून जाते. तुमचा पिवळा दिवा लागतो-जातो म्हणून मी हे मुद्दाम लिहितो आहे. मोटर सुटी करून तिची आणि कॅलिपरची मधली जागा पुसून बघायला सांगा. कोरडी किंवा थोडं ग्रीस, तर ठीक. पातळ, बोटाला निसटतं असं काही असेल तर स्क्रूची सील गेली. बहुतेक गाड्यांना ही सील सुटी मिळत नाही, कॅलिपरच बदलावा लागतो. महाग पडतं, पण तिथं जुगाड करून कुठली तरी ओ-रिंग बसवू नका. त्या जागी सुट्टी-फुट्टी रबर टिकत नाही.

दिव्याला दुसरंही कारण असू शकतं. मोटरची वायर मागच्या चाकाच्या दांडीवरून जाते. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गोडाउनात गाडी उभी राहत असेल तर उंदीर ती कुरतडतात, आणि मातीचा ढेकूळ अडकूनही ती ताणली जाते. प्लगमध्ये पाणी गेलं तरी दिवा येतो-जातो. आधी हे बघा, मग मोटरकडं वळा.

ऑइलवर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण सिलेचं आयुष्य पॅडच्या दिवसानंतर कशावर असेल तर त्यावर. ब्रेकच्या सिला ज्या रबराच्या असतात ते रबर ब्रेक ऑइलमध्ये वर्षानुवर्षं छान राहतं आणि खनिज तेलात फुगतं. डिझेल, राकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, साधं बेअरिंग ग्रीस, सगळी या रबराची शत्रू. आपल्याकडं कुठलाही पार्ट डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवून ब्रशनं धुवायची रीत आहे. कॅलिपर तसा धुतला आणि त्याच्या खाचेत थोडं डिझेल राहिलं, तरी सील मऊ पडून फुगते, पिस्टन अडकतो, चाक गरम होतं, आणि मग कडा तुटून गळती. एकदा एका ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन ऑइल ओतायची फनेल आपल्या मोटारीच्या ब्रेकच्या टाकीला लावली होती. फनेलला लागलेलं तेवढं ऑइल पुरलं. टाकीच्या झाकणाचं रबर फुगून दुप्पट झालं, झाकण लागेना म्हणून तो माझ्याकडं आला. ते रबर बघितल्यावर मी मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा जोर ऑइलवर देणारा भाग) चारही चाकांपर्यंत सगळ्या सिला बदलायला सांगितल्या, आणि मधले होज पाइपही. त्याला पटायला वेळ लागला, पण एका सिलेत तेल गेलं म्हणजे सगळ्यांत गेलं. तुमच्या टाकीच्या झाकणाचं रबर काढून बघा. घडी नीट बसते का, की फुगून लाटा आल्या आहेत? तुम्ही दोनदा वरून जे टाकलं त्याची बाटलीही बघा, डॉट ४ लिहिलंय का.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही एकाच जातीची, एकमेकांत मिसळली तर सिलांना अपाय नाही, फक्त ताकद कमी दर्जाच्या ऑइलकडं ओढली जाते. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं. ५.१ आणि ५ या आकड्यांत फरक नुसता ‘.१’ चा दिसतो, पण ते या गाड्यांत टाकायचं नाही. झाकणावर गाडीच्या कंपनीनं जे छापलं आहे तेच टाका.

ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. झाकणातून, होज पाइपच्या रबरातूनसुद्धा. नवं डॉट ४ किमान २३० अंशांला उकळतं, ३.७ टक्के पाणी पिऊन झालं की तो आकडा १५५ वर येऊ शकतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. आपल्याकडं मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूर ४५ च्या वर जातात, त्यात चिखलदऱ्याचा घाट पाय ब्रेकवर ठेवून उतरला की ऑइल उकळून वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं होतं. तो धोका सगळे सांगतात. सिलेच्या बाजूनं मात्र तेच पाणी दुसरं काम करत असतं. कॅलिपर हा सगळ्यांत खालचा, सगळ्यांत गरम भाग, तिथं ते पिस्टन आणि भिंतीला आतून गंजवतं. बाहेरून माती, आतून गंज, मधे सील. म्हणून ऑइल दर २ वर्षांनी पूर्ण बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी. मी गिऱ्हाइकांना पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आसपास बदलायला सांगतो. बाटली लहान घ्यायची, उरलेली टेकवून ठेवायची नाही. झाकण सैल राहिलेली वर्षभराची अर्धी बाटली ओतण्यापेक्षा न ओतलेलं बरं.

हवा काढताना जुन्या गाडीत पेडल जमिनीला टेकेपर्यंत दाबायचं नाही, खाली लाकडाचा तुकडा ठेवायचा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग कधी वापरला जात नाही, तिथं गंज साठतो, आणि एकदाच पेडल खोल गेलं की त्याच्या सिला त्या गंजावरून फिरतात. चाकाची गळती दुरुस्त करायला गेला आणि मास्टर सिलिंडर घालवून बसला, असं होतं.

गाईड पिन म्हणजे ज्या दोन दांड्यांवर कॅलिपर सरकतो त्या. त्या बोटानं सरकल्या पाहिजेत. त्या जाम झाल्या की एकच पॅड झिजतो, पिस्टन जास्त बाहेर येतो आणि तिरपा दाब घेतो, सील एका अंगानं झिजते. त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच, हिरवं-लाल बेअरिंग ग्रीस नाही. आणि निप्पलवरची छोटी रबरी टोपी हरवली असेल तर नवी लावा. टोपी नसलेल्या निप्पलच्या भोकात माती भरते, पुढच्या वेळी हवा काढताना तीच माती जागेवर बसते आणि निप्पल कितीही आवळला तरी पाझरतो. मग तो जोरात आवळून मोडणारेही आहेत.

माती-पाण्याचं तर आपल्याला रोजचंच. पांदणीतून निघालेल्या गाडीच्या चाकात आतून चिखल भरतो. तो ओला असतानाच साध्या पाइपच्या धारेनं काढा. वाळला की बुटाच्या घड्यांत तो सिमेंट होतो, आणि दर ब्रेकला बूट त्याच्यावर घासतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप मात्र चाकाच्या आत, बुटावर आणि मोटरच्या प्लगवर जवळून मारू देऊ नका. तो बुटाची कडा उचलून पाणी आत घालतो, आणि आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते. नाल्याच्या पुलावरून पाणी जात असेल तर थांबा, हे तर सगळ्याच कारणांनी. पण चुकून चाकाच्या अर्ध्यापर्यंत पाण्यातून गाडी काढलीच तर पलीकडं गेल्यावर हळू चालवत दोन-चारदा ब्रेक लावून पॅड वाळवा, आणि त्या आठवड्यात बूट बघून घ्या. युरियाची पोती आणताना सांडलेला युरियाही लगेच धुवा, ओल लागली की तो धातूला लागतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, लोणी-हळद लावतो, जू घासलं आहे का बघतो. मी माझ्या भागातल्या गाडीवाल्यांना सांगितलं आहे की त्याच आठवड्यात चाकं काढून बूट बघा. पावसाळा निम्मा झालेला असतो, चिरलेला बूट तेव्हा सापडला तर नुसता बूट बदलून काम भागतं. दिवाळीला सापडला तर पिस्टन गंजलेला असतो.

रोजच्या वापरातलं थोडंच. उतारावर उभं करताना आधी पेडल दाबून धरा, मग बटण, मग पी किंवा गिअर, आणि मगच पाय सोडा. ऑइलच्या दाबानं पॅड आधीच टेकलेले असले की मोटरला आणि स्क्रूला कमी ओढावं लागतं. ऑटो होल्ड, म्हणजे थांबल्यावर पेडल सोडलं तरी गाडी धरून ठेवणारी सोय, चालू असतो तेव्हा गाडी मोटरवर नाही, ऑइलच्या दाबावर धरलेली असते, काही मिनिटांनी ती मोटरकडं जाते. सील गळकी असेल तर ऑटो होल्डवर गाडी किंचित सरकू शकते. तसं दिसलं तर तो इशारा समजा. लांब मजल मारून, समृद्धीवरून १२० नं येऊन लगेच हँडब्रेक आवळून गाडी ठेवली तर डिस्क थंड होताना आकसते. बऱ्याच गाड्या मागाहून स्वतःच मोटर फिरवून पुन्हा आवळतात, तो रात्रीचा घर्र आवाज ऐकून घाबरू नका. महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल, पावसाळ्यात विशेष, तर सपाट जागेवर गिअरमध्ये टाकून चाकांना गोटे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर पॅड डिस्कला गंजून चिकटतात. उलट रोजच्या गाडीत हँडब्रेक रोज लावा. न फिरणारा स्क्रू जाम होतो. आणि बॅटरी पडली की हँडब्रेक सुटत नाही, म्हणून बॅटरी चार्ज ठेवा.

आता तुमचं काम. गाडी उचलून न्याल तेव्हा गॅरेजवाल्याला सांगा: सर्व्हिस मोड लावल्याशिवाय कॅलिपरला हात नाही, आणि सर्व्हिस मोडमध्ये पॅड काढलेले असताना पेडलला पाय नाही. आधी मोटर सुटी करून मधली जागा. ती कोरडी असेल तर पिस्टन काढून पिस्टन, भिंत आणि सील. भिंतीवर नख फिरवून बघा, ओरखडा नखाला अडकला तर सील बदलून उपयोग नाही, कॅलिपर नवा. अडकत नसेल तर सील, बूट आणि गरज असेल तर पिस्टन. खाच साफ करायला लाकडी किंवा प्लॅस्टिकची काडी, पेचकस नाही. सिलेला ताजं ब्रेक ऑइल लावूनच बसवायची. ऑइल लागलेले ते नवे पॅडही टाकून द्या, सँडपेपरनं घासून ते परत येत नाहीत. पॅड दोन्ही बाजूंचे बदला. मग पूर्ण ऑइल नवं, हवा काढणं, स्कॅनरवर हँडब्रेक जुळवणं, आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत सावकाश दाबणं. गॅरेजमध्येच इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याला टॉर्च घेऊन दोन्ही चाकांच्या आत बघायला लावा. पेडल हळूहळू खाली जात असेल आणि चाकं कोरडी असतील तर मास्टर सिलिंडर बघावा लागेल.

घरी आल्यावर रात्री चारही चाकांखाली पांढरा कागद टाका, सकाळी बघा. टाकीवर पेननं खूण करा आणि आठ दिवसांनी पुन्हा बघा. आणि हो, उजवं चाक आता कोरडं दिसत असलं तरी त्याचाही बूट उचलून बघायला सांगा. त्याच दिवशी, त्याच हातानं, त्याच पद्धतीनं तिथलेही पॅड बदललेले आहेत.